नामुद्दूची सोबत

"मला त्या समुपदेशक बाईंकडे जायचंय," नामुद्दू म्हणाली. "सोबत येतेस?"

बाबिर्येने पुस्तकातून मान वर केली. हॉस्टेलच्या खोलीत दोघींचे पलंग समोरासमोर होते. नामुद्दू दोन ताटं मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, चेपणारी, पडल्या पडल्या घोरणारी. ते घोरणं बाबिर्ये रोज पहाटेपर्यंत ऐकायची.

"तुला काय धाड भरलीय?"

"रडू येतं. एकटी गेले तर दारातूनच पळून येईन बघ."

कंपालात कुणी सोबत मागितली तर नाही म्हणायची रीत नाही. भांडून निघालेल्या पाहुण्यालाही निम्म्या वाटेपर्यंत पोचवतात. बाबिर्येने चपला घातल्या.

विद्यापीठातल्या सगळ्या मुली बाईंना सेंगा, म्हणजे आत्या, म्हणत. बाबिर्ये दाराबाहेर टेकणार, तोच सेंगाने हाक मारली.

"सोबतीण उन्हात कशाला? आत ये, चहा घे."

नामुद्दू दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. सेंगा बाबिर्येकडे वळली.

"तुझं नाव जुळ्यातल्या थोरलीचं. धाकटी कुठे असते?"

"नाकाटो उडून गेली," बाबिर्ये म्हणाली. जुळं मेलं, असं तिथे म्हणत नाहीत. घरच्यांनी तिला रडूही दिलं नव्हतं.

"कधी?"

"गेल्या वर्षी. पण आज नामुद्दूचं चाललंय ना?"

"ती कुठे पळून जातेय? तू बोल."

मग दर मंगळवारी दोघी जाऊ लागल्या. नामुद्दूला एकटेपणा म्हणून सोसवेना. बाबिर्ये संध्याकाळी गच्चीवर कठड्याशी जाऊन उभी राहायची, तर ही ताट घेऊन धापा टाकत मागोमाग हजर.

"खाली भीती वाटते गं. बस, खा माझ्याबरोबर."

"शेपटासारखी मागे काय फिरतेस?"

वैतागायची, पण आजारी पोरीला किती बोलणार? दोन घास खायची.

एका मंगळवारी नाकाटोच्या हसण्याबद्दल सांगता सांगता बाबिर्येला हुंदका फुटला, आणि तो थांबेचना. बाहेर आली तेव्हा छपरावरचे थोराड करकोचे पंख पसरून उठत होते. ती बघतच राहिली. एवढं मोठं आभाळ रोज इथेच होतं, आणि आपण मान वर केली नव्हती! पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता. त्या रात्री तिला घोरणं ऐकू आलंच नाही. नवल वाटलं आणि लाजही वाटली. उपचार नामुद्दूचे, आणि सेंगाचा वेळ आपणच खातोय.

पुढच्या मंगळवारी नामुद्दू पलंगावरून हललीच नाही.

"आज तू एकटीच जा. मला कंटाळा आलाय."

बाबिर्येने चपलाही घातल्या नाहीत. ती पळतच सेंगाकडे गेली.

"सेंगा, नामुद्दू येत नाही म्हणते. तिचं दुखणं उलटलं असणार. तुम्ही खोलीवर चला."

सेंगाने चहा ओतून ठेवला होता. टेबलावर कप एकच होता.

"नामुद्दू एकदा एकटी आली होती," सेंगा म्हणाली, "तुला घेऊन यायच्या आधी. मला विचारलं, 'रोज गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहणारी मुलगी स्वतःसाठी इथे कधी यायची नाही; पण मीच सोबत मागितली, तर ती नाही म्हणेल का?'"