दहावा

"शनिवारी आला नाहीस, तर रविवारीही येऊ नकोस," बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने हनोखला बजावलं होतं.

बाप जाऊन महिना झालेला. एका खोलीत आई, आजी आणि पाच धाकटी भावंडं. चूल आता हनोखच्याच मजुरीवर पेटायची. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, काम करायचं नसतं, हे आईलाही ठाऊक होतं. तरी त्या सकाळी तिनेच त्याला हलवलं. "ऊठ बाबा. देवाला काय ते मी सांगते."

बंदरावरच्या कारखान्याची वाट सिनेगॉगवरून जायची. पायरीवर नऊ म्हातारे थांबले होते. बाकीची ज्यू घरं केव्हाच इस्रायलला गेलेली. दहा पुरुष जमल्याशिवाय मुलाला बापासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणता येत नाही, आणि दहावा होता पंधरा वर्षांचा हनोख.

"आला बघा आपला दहावा!" हसाजीकाका उठले. "अरे, टोपी कुठाय?"

"काका, कामावर चाललोय."

कोणी रागावलं नाही. हसाजीकाकांनी नुसता पाठीवरून हात फिरवला, तोच त्याला सोसवेना.

कारखान्यात बर्फाच्या लाद्या फोडताना तो कद्दीश पुटपुटत राहिला. जिथे सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं, तिथे जरा थांबायचा, आणि पुढची लादी ओढायचा.