समुद्रासमोरची खोली

लग्नाला तीन आठवडे उरले होते आणि दोघं कॅरिबियन बेटावरचा हनिमून ठरवायला ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात आली होती. बुकिंगवाल्याने तिच्या व्हीलचेअरकडे एकदा पाहिलं आणि त्यानंतर तो फक्त तिच्या होणाऱ्या नवऱ्याशीच बोलू लागला.

"सर, समुद्रासमोरची खोली कशाला घेताय? मॅडमना बागेकडची सोयीची पडेल. आणि हे बोटीने खोल पाण्यात पोहायला नेतात ना, तेही काढून टाकतो. मॅडम एकट्या किनाऱ्यावर बसून काय करतील?"

नवरा काहीतरी बोलणार होता, पण तिने त्याच्या हातावर हात ठेवला. गेले दोन महिने नात्यातला जो तो हेच ऐकवत होता. "जवळपास कुठेतरी जाऊन या गं, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?" असं तर सख्खी मावशी म्हणाली होती. तेव्हा तिने सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. आज मात्र तिने खुर्ची पुढे ढकलली, ती थेट टेबलाला नेऊन भिडवली आणि त्याने काट मारलेला बुकिंगचा कागद स्वतःकडे ओढला.

"खोली समुद्रासमोरचीच द्या, आणि बोटही राहू द्या," ती म्हणाली. "काळजी करायचीच असेल, तर याची करा."

"माझी?" नवरा कसनुसं हसला.



"पंधरा वर्षं पोहायला शिकवतेय मी. आठ महिने झाले तरी तलावाची दांडी न सोडणारा हा एकटाच निघाला!"