नवसाची पेनी

इंग्लंडच्या शेतांत सापडलेली चांदीची नाणी ओळखून नोंदवणं, हे दीपाचं म्युझियममधलं काम. त्यातली काही मुद्दाम वाकवलेली असत. घरात कुणी आजारी पडलं, की तिथले लोक त्याच्या डोक्यावर नाणं धरून वाकवत आणि संताला नवस बोलत.

तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून घरी पाठवलं, तेव्हा दीपाने एक पातळ पेनी गुपचूप उचलून आणली आणि त्याच्या कपाळाशी धरून वाकवली. संध्याकाळी तो वरणभात मागून जेवला.

आज सकाळी त्याने डोळेच उघडले नाहीत. ड्रॉवरमधली पेनी सरळ झाली होती. दीपाने ती पुन्हा वाकवली, तसा तो उठून बसला. पण बोटं काढली की ती हळूहळू उलगडायची.

दुपारी ती किचनमध्ये दोन्ही अंगठ्यांनी पेनी दाबून उभी होती. चांदी सारखी वाकवली की तडकते, हे तिला पक्कं माहीत होतं.

“दीपा, घसा ड्राय झालाय गं. पाणी आण ना,” वरून श्रीरंगची हाक आली.

“आलेच रे.” पण तिला हात सोडवेना.

“राहू दे. या बाई पाजतायत मला.”

घरात ती दोघंच होती. अंगठ्यांखाली पेनीचा उलगडायचा जोर एकाएकी थांबला.