नातेवाईकाची सही

ऑपरेशन नको, असं मी डॉक्टरांना शुद्धीत, स्पष्ट शब्दांत तीनदा सांगितलं. संमतीपत्रावर सही केली नाही.

दुपारी नर्स तोच कागद घेऊन आली. "झालं काम, मावशी. नातेवाईकाची सही मिळाली."

"मला कोणी नाही हो."

"असं काय करता? तुमच्या बहिणीनं केली. हुबेहूब तुमच्यासारख्या दिसतात! म्हणाल्या, ती भित्री आहे, तिचं मनावर घेऊ नका. आत्ताच घरी गेल्या."

मी उशीखाली हात घातला. घराची किल्ली नव्हती.

घरी फोन लावला. अकरा वर्षं त्या घरात माझ्याशिवाय कोणी फोन उचललेला नाही. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"हॅलो," माझा आवाज म्हणाला. "ती आता इथं राहत नाही."