दस्तीआडचा समीक्षक

मेव्हण्याच्या साखरपुड्याच्या दिवशीच रविंद्रला नेमका ताप भरला. बायको, ऐश्वर्या, बिचारी एकटीच माहेरी, जवळा बाजारला गेली, अन् हा पठ्ठ्या तोंडाला दस्ती गुंडाळून मोटारसायकलवर थेट हिंगोलीला, सुपरहिरोचा ॲनिमेशन सिनेमा बघायला.

घरी येऊन पांघरुणात शिरला आणि खोट्या नावानं नेटवर मत ठोकून दिलं: ‘एकदम भिकार. तोंडावर फडकं बांधलं की हिरोला कुणीच ओळखत नाही म्हणे! प्रेक्षकांना काय येडं समजता?’

तेवढ्यात ऐश्वर्या परतली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला.



“उतरला की ताप! माझ्या मामानं तिकडं येताना हिंगोलीत टॉकीजसमोर दस्तीसकट वळखलं तुमाला. तवापासून साखरपुड्यातले सगळे पाहुणे मलाच इचारून राहिले, पिक्चर कसा हाय म्हणून.”