हातमोज्यांतली थरथर

चंद्रावरच्या वसाहतीत प्राणवायूच्या पंपाचा दांडा मोडला, तेव्हा शाहीन मुलाणी अंतराळपोशाख घालून नवा दांडा कातायला लेथवर उभी राहिली. तिथल्या वर्कशॉपमध्ये हवाच नव्हती, त्यामुळे पोलाद कापलं जात होतं तरी आवाज येत नव्हता. तिच्या हातमोज्यांना जे जाणवे, ते तिला काम शिकवणाऱ्या, कोल्हापुरात बसलेल्या म्हाताऱ्या हिंदुराव मेस्त्रींच्या जोडलेल्या हातमोज्यांना क्षणभर उशिरा जाणवत असे.

"थांब!" मेस्त्रींचा आवाज तिच्या कानात आला. "टूल थरथरतंय. मागं घे."

"मला तर काहीच कळलं नाही, मेस्त्री."

"हात सैल सोड. आता बघ."

मेस्त्रींनी आपल्या हातमोज्यांतून तीच थरथर तिच्या बोटांत परत पाठवली. मुंगी चालावी इतकी ती बारीक होती.

शाहीनने पुन्हा कातायला घेतलं. बऱ्याच वेळाने बोटांना काहीतरी जाणवलं आणि तिने झटकन टूल मागं घेतलं.

"थांब!" मेस्त्रींचा आवाज त्यानंतर आला.

"मी आधीच थांबले, मेस्त्री."

मेस्त्री हसले. मग म्हणाले, "मी सांगायच्या आधीच कळलं तुला! पोरी, आता तुला माझी गरज नाही. मी हातमोजे काढतो."

उरलेला दांडा शाहीनने एकटीने पुरा केला. पंप फिरला, आणि वसाहतीतल्या सगळ्यांनी छातीभर श्वास घेतला.