साडेतीन लाटा

भौतिकशास्त्राच्या नव्या मॅडमनी तारेचं कडं थरथरत्या मशीनवर बसवलं, आणि त्याच्यावर तीन लाटा उमटून जागच्या जागी नाचू लागल्या. "अणूच्या कक्षेत इलेक्ट्रॉनची लाट अशीच बसते," त्या म्हणाल्या. मुलं बाकांवर चढून बघू लागली. मागे उभ्या असलेल्या नाडगौडा सरांच्या पोटात दुखू लागलं. हीच कार्टी त्यांच्या तासाला जांभया देत!

मदतीचा बहाणा करून ते पुढे झाले आणि त्यांनी मशीनच्या थरथरीचा वेग वाढवणारं बटण हळूच फिरवलं. लाटा विस्कटल्या, कडं मलूल पडलं. सरांच्या जिवाला थंडावा मिळाला.

"अगदी हेच दाखवायचं होतं!" मॅडम हरखल्या. "साडेतीन लाटा कड्यात बसत नाहीत. शेवट सुरुवातीला जुळला, तरच लाट टिकते. म्हणून अधलीमधली कक्षा नसते. सर, आणखी फिरवा ना!"

फिरवावंच लागलं. चार लाटा झळकल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

'अधलीमधली कक्षा नसते' हे सर जन्मभर फळ्यावर लिहीत आले होते. का नसते, ते आज कळलं, तेही हिच्याकडून! वर्गाच्या टाळ्या थांबल्या, तरी त्यांचे नतद्रष्ट हात टाळ्या वाजवतच राहिले.